सोळाच्या आत समाजमाध्यमबंदी: आपल्याकडे मागायचं तर नेमकं काय मागायचं?

सावली

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब, एक्स, रेडिट अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. तेव्हापासून पालकांच्या बहुतेक ग्रुपांवर एकच मागणी फिरते आहे: आपल्याकडेही बंदी आणा. मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे या मागणीमागची घालमेल मला रोज दिसते. पण बंदीच्या आधी मागण्यासारखं बरंच काही आहे असं मला वाटतं, म्हणून हा धागा काढते आहे.

आठवी-नववीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारते आणि उत्तर बिननावाच्या चिठ्ठीवर मागते. प्रश्न असा: मोबाइलवर कुणी घाणेरडं पाठवलं, फोटो मागितला, धमकी दिली, तर घरी सांगाल का? नसाल सांगणार तर का? चिठ्ठ्या उघडल्या की तीच उत्तरं. ‘फोन काढून घेतील.’ ‘पप्पा मारतील.’ ‘तूच काहीतरी केलं असशील म्हणतील.’ मुलींच्या चिठ्ठ्यांत हमखास येणारं उत्तर, ‘शाळा बंद करतील.’ एकीने लिहिलं होतं, ‘आईला सांगेन, पण आई पप्पांना सांगेल.’ वहीच्या कोपऱ्याचा बोटभर तुकडा, त्यावर बारीक अक्षरात एवढंच.

धमकावणाऱ्याला ही भीती पक्की ठाऊक असते, त्याचा सगळा धंदाच तिच्यावर चालतो. आधी गेममध्ये किंवा इन्स्टावर ओळख होते, बहुतेकदा समवयस्क मुलीच्या नावाने. मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’. मग एक फोटो. आणि फोटो गेल्यावर काही मिनिटांत मुलाच्याच मित्रयादीचा स्क्रीनशॉट परत येतो: पैसे पाठव, नाहीतर या सगळ्यांना पाठवतो. हे फक्त मुलींच्या बाबतीत घडतं हा समज सोडून द्या. पैशांसाठी धमक्या येतात त्या प्रकारात मुलगे मोठ्या प्रमाणावर सापडतात, आणि मुलगे तर अजिबातच बोलत नाहीत.

म्हणून कुठलाही कायदा आला, कुठलाही अभ्यासक्रम आला, तर मी त्याला दोनच प्रश्न विचारते. यामुळे मूल लवकर बोलेल की आणखी उशिरा? आणि ते बोललं तर पुढची धावपळ कोण करणार?

नुसती बंदी पहिल्याच प्रश्नावर अडखळते. जे खातं असायलाच नको होतं त्या खात्यावर त्रास झाला, तर मूल सांगायला येईल का? ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली एक गोष्ट त्यासाठी नीट समजून घ्यायला हवी. तिथे दंड मुलाला नाही, पालकालाही नाही. तो कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मागणीत हा भाग कुठेच नसतो. सगळा रोख पोरांवर.

तुमची मतं लिहा. विशेषतः जे परदेशात हे अनुभवत आहेत त्यांनी, आणि शिक्षकांनी.

---

दोन मुलींचा बाबा

सावलीताई, चिठ्ठ्यांचं वाचून पोटात गोळा आला. पण थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या घरात फोन कुणी, कधी, किती वापरायचा हे मी ठरवणार. सरकार कशाला मध्ये हवं? पालकांनी लक्ष दिलं तर निम्मे प्रश्न सुटतील. आमच्याकडे जेवताना फोन नाही, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला. कायदा न करताही जमतं.

---

कृष्णाकाठ

बाबा, तुमच्या घरात जमतं ही चांगलीच गोष्ट आहे. मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, आमच्या बाजूचं सांगतो.

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव पुष्कळांनी बातम्यांत पाहिलं असेल. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांत टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचं ठरलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की फोन मोठ्यांनीही ठेवायचा आहे. पोराला अभ्यासाला बसवून आपण रील बघत बसायचं, हे तिथे चालत नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठराखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला होता. दोन्ही गावांची कळकळ सारखीच, वाट वेगळी. मला वडगावची वाट जास्त पटते.

पण दीड तास फोन बंद राहिला तरी साडेआठनंतर तो चालू होणारच. तेव्हा पोराला काय येतं? ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. समाजमाध्यम वापरणाऱ्यांना पुढे विचारलं, एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं माहीत आहे का? ६२ टक्के हो म्हणाले. खातं खासगी कसं करायचं हे माहीत असणारे ५५ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मी पोरं दार सताड उघडं टाकून बसली आहेत, आणि कडी कुठे असते हे त्यांना कुणी दाखवलेलं नाही.

आणखी एक. आमच्याकडे फोन पोराचा नसतोच. तो आईचा असतो, खातं आईच्या नावाचं, आणि ते उघडून दिलेलं असतं पोरानेच. पासवर्डही त्यालाच माहीत. आता कंपनी वय तपासणार ते कुणाचं? आईचं. ती पस्तीस वर्षांची निघणार, आणि समोर बसलेलं पोरगं बारा वर्षांचं.

---

यारा नदी

मेलबर्नहून लिहिते आहे. माझा नातू पंधरा वर्षांचा. त्याचं स्नॅपचॅटचं खातं डिसेंबरमध्ये बंद झालं. त्याच्या वर्गातल्या काहींची खाती मात्र चालू राहिली, कारण चेहऱ्यावरून वय ओळखणाऱ्या यंत्रणेला ती मुलं मोठी वाटली. काहींनी मोठ्या भावंडांचा चेहरा दाखवला. सरकारने जानेवारीत सांगितलं की सुमारे ४७ लाख खाती बंद झाली. म्हणजे काहीच झालं नाही असं नाही.

सावलीताईंचा मुद्दा बरोबर आहे, इथे मुलांना गुन्हेगार ठरवलेलं नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते इथलं ई-सेफ्टी आयुक्तांचं कार्यालय. ते बंदीसाठी उभं राहिलेलं नाही, २०१५ पासून आहे. मुलाची कुणी ऑनलाइन छळवणूक केली, कंपनीकडे तक्रार करून दाद मिळाली नाही, तर हे कार्यालय कंपनीला मजकूर काढायचा आदेश देऊ शकतं. मुलाला वकील लागत नाही, पोलिस चौकीची पायरी चढावी लागत नाही. आपल्याकडे नुसतं ‘ऑस्ट्रेलियासारखी बंदी’ म्हटलं जातं, पण त्या बंदीच्या आधी दहा वर्षं असं एक दार उघडं होतं हे कुणी सांगत नाही.

---

मांडवी

पणजीहून. गोव्यातही ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर काही करता येईल का याचा विचार चालू असल्याचं सरकारकडून २०२६ च्या जानेवारीत सांगण्यात आलं. एक शंका आहे. राज्याने असा कायदा केला तरी इंटरनेटचा विषय केंद्राचा. मग तो टिकेल का? आणि केंद्राच्या डेटा संरक्षण कायद्यात मुलांसाठी काहीतरी आहे म्हणतात, ते नेमकं काय?

---

काळा कोट

मांडवी, मी बालहक्कांच्या खटल्यांत वकील म्हणून उभी राहते, थोडक्यात लिहिते.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि कलम ९ प्रमाणे मुलाची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांवर पाळत ठेवणं, त्यांच्या वागण्याची नोंद ठेवणं, त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. उल्लंघनाला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही मुख्य कलमं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे मे २०२७. माझ्या मते जाहिराती आणि पाळतीवरची मनाई हा या कायद्याचा खरा कणा आहे. चर्चा मात्र सगळी संमतीची होते. कृष्णाकाठ यांनी लिहिलेल्या घरात ती संमती कोण देणार आहे? फोन हाताळणारं मूलच. राज्याच्या अधिकाराबद्दल तुमची शंका रास्त आहे, असा कायदा न्यायालयात गेल्याशिवाय राहणार नाही.

पण मुलांवरच्या प्रत्यक्ष अत्याचारासाठी नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ पासून आहे. मुलाशी ऑनलाइन पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, खरा किंवा बनवलेला फोटो वापरण्याची धमकी देणं, हे लैंगिक हेतूने केलेलं असेल तर त्यातच गुन्हा आहे. ‘बनवलेला’ हा भाग लक्षात ठेवा, कारण आता एआयने चेहरा चिकटवून फोटो तयार करतात आणि ‘तो खरा कुठे आहे?’ म्हणून लोक प्रकरण सोडून देतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब मुलांना ऑनलाइन फूस लावण्याबद्दलही आहे. २३ सप्टेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला आणि मुलांच्या अत्याचाराचं असं चित्रण फोनमध्ये साठवून ठेवणं कधी गुन्हा ठरतं हे स्पष्ट केलं. त्याच निकालात शाळांतून लैंगिकता शिक्षण देण्याचा विचार करायला सरकारला सुचवलं आहे. त्या भागाची चर्चा फारशी झाली नाही, ती व्हायला हवी होती.

आणि शाळांसाठी, हे ठळकपणे सांगते. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ‘शाळेचं नाव खराब होईल’, ‘मुलीच्या भल्यासाठी मिटवू’ हे कायद्याला चालत नाही. प्रकरण दाबणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

---

बिट-बाइट

वय तपासण्याबद्दल एक तांत्रिक मुद्दा, मी याच क्षेत्रात काम करतो. वय तपासायचं म्हणजे सगळ्यांचंच तपासावं लागतं, मोठ्यांचंही. ओळखपत्रांचे फोटो गोळा केले की ते कुठेतरी साठतात आणि कधीतरी फुटतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने जाहीर केलं की त्यांच्या बाहेरच्या एका पुरवठादाराकडून सुमारे ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो बाहेर गेले असावेत. ते दिलेच होते वय सिद्ध करायला. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ ला वयतपासणी सुरू झाली आणि लगेच व्हीपीएनची, म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरतोय असं भासवणाऱ्या सोयीची, मागणी वाढली.

आपल्या डेटा संरक्षण नियमांत डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून फक्त टोकन देण्याची सोय आहे. म्हणजे कंपनीला ‘ही व्यक्ती सज्ञान आहे’ एवढंच कळेल, आधार क्रमांक जाणार नाही. ही दिशा बरी आहे. पण कंपनीने केलेल्या वस्तूला ब्रेक कंपनीनेच बसवायचे असतात, परवाना तपासणं ही पुढची गोष्ट. अनोळखी प्रौढाला मुलाला मेसेज पाठवताच येऊ नये, खातं मुळातच खासगी असावं, रात्री नोटिफिकेशन वाजू नये, एकामागून एक व्हिडिओ आपोआप सुरू होऊ नये, हे सगळं आज करता येतं. इन्स्टाग्रामने २०२४ पासून किशोरवयीनांच्या खात्यांना यातल्या काही गोष्टी आपोआप लावल्या. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. करायला भाग पाडणारं कुणी नव्हतं.

---

सावली

बिट-बाइट, अगदी हाच मुद्दा मला मांडायचा होता. लंडनच्या मॉली रसेलचं प्रकरण यासाठी प्रत्येकाने समजून घ्यावं. चौदा वर्षांची मुलगी, २०१७ मध्ये तिने जीव दिला. पाच वर्षांनी मृत्यूची चौकशी पूर्ण झाली तेव्हा पुढे आलं की शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर सेव्ह, लाइक किंवा शेअर केलेल्या १६,३०० पोस्टपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणं आणि आत्महत्या यांबद्दल होत्या. यातलं बरंचसं तिने शोधलंही नव्हतं, ते तिच्यापुढे आणून ठेवलं जात होतं. तिच्या मृत्यूला या मजकुराचा हातभार लागला असं तिथल्या कॉरोनरने नोंदवलं. वडिलांनी लक्ष दिलं नाही असं म्हणायला तिथे जागा नव्हती. एका घराने यंत्राशी कितीसं लढायचं?

बाबा, म्हणून तुमच्या ‘सरकार कशाला’ला माझं हे उत्तर आहे. रात्री हॉलमध्ये चार्जिंग हे तुम्ही केलंत, कराच. पण तुमच्या लेकीला कोण मेसेज पाठवू शकतो हे हॉलमध्ये बसून ठरत नाही.

यारा नदी, तुमच्या त्या कार्यालयाचा मुद्दा मी जिथे बोलायला जाईन तिथे मांडणार आहे. आपल्याकडे तुकडे आहेत. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. शाळांत २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तुमच्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे पालकसभेत विचारा. मी ज्या शाळांमध्ये जाते तिथे काही ठिकाणी समितीचा फलक आहे आणि त्यावरच्या बाई बदलून गेल्यालाही काळ लोटला आहे. मुलांनी कुणाकडे जायचं?

---

दोन मुलींचा बाबा

ताई, पटलं. एक व्यावहारिक विचारतो. मुलीला हे सांगायचं कसं? सांगितलं तर घाबरेल, नाही सांगितलं तर सापडेल.

---

सावली

घाबरवणाऱ्या गोष्टी सांगू नका, मुलं त्या मोबाइलवर आधीच बघतात. तिला एक आश्वासन द्या आणि ते पाळा: ‘काहीही झालं, तुझ्याकडून काहीही गेलं असलं, तरी तू सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही आणि ओरडणार नाही.’ हे एकदा बोलून भागत नाही. छोट्या प्रसंगांत मुलं तुमची परीक्षा घेतात. गेममध्ये कुणी शिवी दिली एवढं सांगून बघतात. तुम्ही ‘म्हणूनच म्हणतो खेळू नकोस’ म्हणालात की पुढचं काही कानावर येत नाही.

दुसरं, तिच्यासोबत बसून तिच्याच फोनमध्ये ब्लॉक, रिपोर्ट आणि खासगी खातं कुठे आहे ते शोधा. तिला तुम्हाला शिकवू द्या.

---

ओवी_नाशिक

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंच लागतंय. पुतणीच्या वर्गातल्या एका मुलीचा फोटो एआयने बदलून वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर फिरतोय. नववीचा वर्ग. पुतणीने मला सांगितलं, घरी सांगू नको म्हणाली. एका शिक्षिकेला कळलं तर त्यांनी तो ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. आता काय करायचं?

---

काळा कोट

ओवी, सगळ्यात आधी तो फोटो तुमच्या फोनवर मागवू नका. शिक्षिकांनीही तो पुढे पाठवायला नको होता. हेतू चांगला असला तरी असं चित्र पुढे पाठवणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं. शिक्षकांच्या ग्रुपवरून तो आजच काढायला सांगा. पुरावा म्हणून ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ आणि आजूबाजूचा संवाद दिसेल असा स्क्रीनशॉट असावा, चित्र झाकून. मूळ फोन ज्याच्याकडे आहे त्याने चॅट पुसू नये, ते पोलिस बघतील.

मुलीच्या पालकांना विश्वासात घ्या आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. पोलिसांत जायचं म्हणून मुलीला ठाण्यात नेऊन बसवावं लागत नाही. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. तिचं नाव कुठेही छापता येत नाही. हे पालकांना आधी सांगा, त्यांची निम्मी भीती तिथेच असते.

---

बिट-बाइट

ओवी, भर घालतो. ‘टेक इट डाउन’ नावाची अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेची मोफत सेवा आहे, अठराखालच्या फोटोंसाठी, आणि भारतातूनही वापरता येते. चित्र त्यांच्याकडे पाठवायचं नसतं. ज्या फोनवर ते आधीच आहे त्याच फोनवर त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, फक्त तो ठसा जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून आपल्याकडे आलेलं तेच चित्र शोधून काढतात. व्हॉट्सॲपच्या बंद ग्रुपमधलं यातून निघणार नाही, पण इन्स्टावर वगैरे पसरण्याआधी अडवता येतं. मुलगी किंवा तिचे पालक हे करू शकतात.

---

ओवी_नाशिक

सगळ्यांचे आभार. मुलीच्या आईला भेटले. बिचारी आधी लेकीवरच चिडली, मग बराच वेळ रडली, मग म्हणाली ‘चला’. अर्ज दिला, पोच घेतली. शिक्षकांच्या ग्रुपवरून फोटो काढला गेला. मुख्याध्यापिकांनी पोलिसांना कळवलं आहे. आता शाळेत दुसरंच सुरू झालं आहे. ज्या मुलांनी फोटो बनवला आणि फिरवला त्यांना शाळेतून काढून टाका, असं काही पालक म्हणताहेत. ती मुलंही चौदा वर्षांची आहेत. त्यातल्या एकाची आई माझ्या ओळखीची आहे.

---

सावली

ओवी, मुलीच्या आईसोबत तुम्ही गेलात हे फार मोठं काम केलंत.

त्या मुलांचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथे शिक्षेपेक्षा सुधारणेवर भर असतो आणि तसाच असावा. ज्याने बनवला आणि ज्यांनी नुसता पुढे ढकलला त्यांना एकाच मापाने मोजू नका, असं शाळेला सांगा. काढून टाकलं की ती मुलं दुसऱ्या शाळेत हेच घेऊन जातील आणि या वर्गात कुणालाच काही कळणार नाही. त्यांना त्या मुलीपासून वेगळ्या तुकडीत बसवावं, ‘माफी माग’ म्हणून तिच्यासमोर उभं करू नये. तिला ते नको असतं. तिने वर्ग किंवा बाक बदलायचा नाही. बदलायचा तर त्यांनी.

बाकीच्या वर्गाशी बोलायला मी नाशिकला यायला तयार आहे. ग्रुपमध्ये तीसेक मुलं असतील, त्यातल्या बहुतेकांनी फोटो बघितला आणि गप्प बसली. पुतणीने तोंड उघडलं. तिचं नाव शाळेत कुणालाही कळू देऊ नका, शिक्षकांनाही नाही. मुख्याध्यापिकांचा नंबर मला निरोपातून पाठवा, तारीख त्यांच्याशीच ठरवते.